हिमनदीचे अभ्यासक : लुई अगासी

प्रस्तुत पाठात स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या जीवनाची ओळख करून दिली आहे. हिमनदी डोंगर कसे कोरते, दगडमातीचे ढीग कसे रचते आणि त्या ढिगांवरून पृथ्वीचा जुना इतिहास कसा वाचता येतो, हे त्यांनी जगाला पटवून दिले. पुरावा समोर आल्यावर आपले मत बदलण्याचे धैर्य त्यांनी तरुणपणी दाखवले. उतारवयात मात्र ते त्यांना जमले नाही. त्यांच्या आयुष्यातील या दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हा काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. अकोले तालुक्यातील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. तेही याच काळ्या पाषाणाचे आहे. प्रवरा नदी अकोल्याच्या डोंगरात उगम पावते, संगमनेरवरून वाहत जाते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. तिच्या पात्रातील एखादा गोटा हातात घेऊन पाहा. तो गोल आणि गुळगुळीत असतो. पाण्याने घासून घासून त्याला तसे केलेले असते. तो कोठून आला, हा प्रश्न अवघड नाही. वरच्या डोंगरातून पाण्याबरोबर तो खाली आला.

आता अशी कल्पना करा, की एखाद्या शेतात काळ्या पाषाणावर घराएवढा एक पांढुरका दगड पडला आहे. त्या जातीचा दगड आसपासच्या एकाही डोंगरात नाही. जवळून नदी वाहत नाही. दगडाच्या कडाही झिजलेल्या नाहीत. मग हा परका दगड तेथे कोणी आणून ठेवला?

दोनशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधील लोकांना असाच प्रश्न पडला होता. तेथील ज्युरा पर्वत चुनखडीचा आहे. पण त्याच्या उतारांवर जागोजाग ग्रॅनाइटचे प्रचंड शिलाखंड आढळतात. तो ग्रॅनाइट आल्प्स पर्वतातील आहे. दोन्ही पर्वतांच्या मध्ये विस्तीर्ण सखल प्रदेश आहे. काही शिलाखंड तर शंभर किलोमीटरहून अधिक दूरचे होते. कोणी म्हणे, एका मोठ्या जलप्रलयात ते वाहत आले. कोणी म्हणे, समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगरांवर बसून ते आले. या कोड्याचे खरे उत्तर जगापुढे ठामपणे मांडण्याचे काम लुई अगासी यांनी केले.

लुई अगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. आई रोज ही एका डॉक्टरांची कन्या होती. गाव सरोवराच्या काठी असल्यामुळे लहानग्या लुईला माशांचे फार वेड. तो मासे पकडी, पाळी आणि त्यांचे निरीक्षण करी. मुलाने डॉक्टर व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. लुईने त्यांचे मन मोडले नाही. झुरिक, हायडेलबर्ग आणि म्युनिक येथील विद्यापीठांत त्याने शिक्षण घेतले व १८३० मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी ब्राझीलमधील माशांवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. पदवी वैद्यकाची, पण ओढ मात्र प्राणिशास्त्राची, असे हे आयुष्य सुरू झाले.

पुढे अगासी पॅरिसला गेले. तेथे प्रसिद्ध शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी या तरुणाची हुशारी ओळखली. माशांच्या जीवाश्मांवर ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी स्वतः जी सामग्री जमवली होती, ती सगळी अगासींच्या स्वाधीन केली. जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनीही त्यांना मदतीचा हात दिला. १८३२ मध्ये अगासी न्यूशातेल येथे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी माशांच्या जीवाश्मांवर पाच खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. वयाच्या तिशीच्या आतच त्यांचे नाव युरोपभर झाले. ते माशांचे जाणकार म्हणून ओळखले जात. बर्फाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

हिमनद्यांचे रहस्य प्रथम उलगडले ते मोठ्या विद्वानांना नव्हे, तर डोंगरात राहणाऱ्या माणसांना. स्वित्झर्लंडच्या बान्य खोऱ्यात झाँ-पिएर पेरोदँ नावाचा एक शिकारी राहत असे. त्याचे शिक्षण बेताचेच होते. पण डोळे तीक्ष्ण होते. हिमनदीच्या काठाशी जसे दगडांचे ढीग आणि ओरखडे उमटलेले खडक दिसतात, तसेच ते दरीत खूप खाली, जेथे आता बर्फ नाही तेथेही दिसतात, हे त्याच्या लक्षात आले. पूर्वी हिमनदी एवढी खाली पोहोचत असली पाहिजे, असा त्याने सरळ निष्कर्ष काढला. १८१५ मध्ये झाँ द शार्पांतिए नावाचे अधिकारी त्याच्या झोपडीत मुक्कामाला होते. ते बे या गावच्या मिठाच्या खाणींचे संचालक होते. पेरोदँने त्यांना आपला विचार सांगितला. शार्पांतिए यांना तो मुळीच पटला नाही.

तीन वर्षांनी त्याच खोऱ्यात मोठे संकट आले. जिएत्रो हिमनदीवरून कोसळलेल्या बर्फाने नदीचा प्रवाह अडवला आणि मागे सरोवर तुंबले. इग्नाझ व्हेनेट्झ या अभियंत्याने बर्फात बोगदा खोदून थोडे थोडे पाणी सोडण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे बरेच पाणी निघून गेले. पण १६ जून १८१८ रोजी बर्फाचा बांध फुटला. पुराने खोऱ्यातील घरे, पूल आणि माणसे वाहून नेली. या घटनेनंतर व्हेनेट्झ यांनी हिमनद्यांचा बारकाईने अभ्यास केला. पेरोदँचे म्हणणे खरे आहे, अशी त्यांची खात्री पटली. पुढे त्यांनी शार्पांतिए यांनाही ते पटवून दिले.

आता अगासींची पाळी आली. १८३६ च्या उन्हाळ्यात ते बे येथे शार्पांतिए यांच्याकडे राहायला गेले. आपल्या मित्राची चूक त्याच्या लक्षात आणून द्यावी, हा त्यांचा हेतू होता. दोघे मिळून रोज दऱ्याखोऱ्यांतून हिंडू लागले. हिमनदीच्या काठचे दगडांचे ढीग त्यांनी पाहिले. मग बर्फापासून मैलोगणती दूर असलेले तसेच ढीग पाहिले. घासून चकचकीत झालेले खडक पाहिले, त्यांवरचे एकाच दिशेने गेलेले ओरखडे पाहिले. उन्हाळा संपण्यापूर्वीच अगासींचे मत पूर्णपणे बदलले. मित्राची चूक दाखवायला गेलेला माणूस स्वतःची चूक ओळखून परत आला. त्यांच्या आयुष्यातील हा फार मोलाचा प्रसंग आहे.

अगासींनी तेथे नेमके काय पाहिले, ते समजून घेऊ या. उंच पर्वतांवर दरवर्षी जेवढे बर्फ पडते, तेवढे उन्हाळ्यात वितळत नाही. थरांवर थर साचतात. वरच्या थरांच्या भाराने खालच्या भुसभुशीत बर्फाचा कठीण, घट्ट बर्फ बनतो. तो आपल्याच वजनाने उतारावरून हळूहळू सरकू लागतो. हीच हिमनदी. तिचा वेग इतका मंद असतो, की उभे राहून पाहिले तर ती हलताना दिसत नाही.

सरकताना ती दरीच्या तळाचे व बाजूंचे दगड उपटून बरोबर घेते. तळाशी अडकलेले हे दगड खालच्या खडकावर काचकागदासारखे घासले जातात. त्यामुळे खडक गुळगुळीत होतो आणि त्यावर लांब सरळ ओरखडे उमटतात. नदी आपली दरी खालच्या बाजूने कापते, म्हणून ती अरुंद होते. रंधा धबधब्याखालची प्रवरेची घळ आठवा. हिमनदी मात्र तळ आणि बाजू दोन्ही खरवडते. म्हणून तिची दरी रुंद, सपाट तळाची, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची बनते.

हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीला आणि तिच्या ढिगांना हिमोढ म्हणतात. कडेच्या डोंगरांवरून दगड कोसळून हिमनदीच्या दोन्ही काठांवर त्यांच्या रांगा तयार होतात. त्यांना पार्श्व हिमोढ म्हणतात. दोन हिमनद्या एकत्र आल्या, की त्यांच्या आतल्या बाजूंच्या दोन रांगा मिळून एक होतात आणि नव्या हिमनदीच्या मधोमध चालू लागतात. तो मध्य हिमोढ. बर्फाच्या तळाशी जी दगडमाती पसरते, तो भू-हिमोढ. हिमनदी जेथे वितळून संपते, तेथे साऱ्या मालाचा आडवा बांध साचतो. तो अंत्य हिमोढ होय.

अंत्य हिमोढ कसा वाढतो, हे समजण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील साखर कारखाना डोळ्यांपुढे आणा. ऊस वाहून नेणारा पट्टा सतत फिरत असतो. पट्ट्याचे टोक मात्र जागच्या जागी असते. पुढे ऊस उचलला नाही, तर त्या टोकाशी ढीग वाढत जाईल. हिमनदीचेही तसेच आहे. तिचे टोक वर्षानुवर्षे एका जागी असले, तरी आतला बर्फ पुढे सरकतच असतो आणि दगड आणून टाकतच असतो. पुढे हवा उबदार झाली, की हिमनदी मागे हटते. पण तिने रचलेला बांध तेथेच राहतो. म्हणून हिमोढ हा हिमनदीने मागे ठेवलेला मैलाचा दगडच आहे. बर्फ एके काळी कोठवर आले होते, ते त्यावरून कळते.

नदीच्या गाळात आणि हिमोढात एक मोठा फरक आहे. नदी आपला माल जणू चाळून टाकते. मोठे गोटे आधी, मग वाळू आणि सर्वांत शेवटी बारीक गाळ. बर्फाला असे चाळता येत नाही. त्यामुळे हिमोढात घराएवढा शिलाखंड आणि पिठासारखी माती एकत्रच सापडतात. ज्युरा पर्वतावरील परक्या दगडांचे कोडे अशा रीतीने सुटले. एके काळी आल्प्सचा बर्फ सारा सखल प्रदेश ओलांडून ज्युराच्या उतारांपर्यंत पोहोचला होता.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेल येथे स्वित्झर्लंडमधील निसर्ग-अभ्यासकांची सभा भरली. अगासी सभेचे अध्यक्ष होते. ते माशांच्या जीवाश्मांवर बोलतील, असे सर्वांना वाटत होते. त्यांनी मात्र ज्युरावरच्या दगडांचा विषय काढला आणि युरोपचा मोठा भाग एके काळी बर्फाखाली गाडला गेला होता, असे सांगितले. या काळासाठी त्यांचे मित्र कार्ल शिंपर यांनी हिमयुग हा शब्द सुचवला होता. सभेत खळबळ उडाली. लेओपोल्ड फोन बुख यांच्यासारखे ज्येष्ठ भूवैज्ञानिक संतापले. हुम्बोल्ट यांनी तर पुढे पत्र लिहून अगासींना माशांकडे परत वळण्याचा सल्ला दिला.

अगासींनी वाद घालण्यापेक्षा पुरावे गोळा करण्याचे ठरवले. १८४० च्या उन्हाळ्यापासून आल्प्समधील उंटरआर हिमनदीवर त्यांनी सहकाऱ्यांसह मुक्काम ठोकला. ही हिमनदी दोन हिमनद्यांच्या संगमातून तयार झालेली आहे आणि तिच्या मधोमध ठळक मध्य हिमोढ आहे. त्या हिमोढावरील एका प्रचंड शिळेच्या आडोशाला दगडांची भिंत रचून त्यांनी राहण्याची जागा केली. दाराऐवजी घोंगडी टांगली. या निवाऱ्याला त्यांनी गमतीने न्यूशातेलकरांचे हॉटेल असे नाव दिले. थंडी कडाक्याची, जेवण साधे. पण काम मात्र पहाटेपासून चाले.

त्याच हिमनदीवर हुगी नावाच्या अभ्यासकाने १८२७ मध्ये एक झोपडी बांधली होती. ती आपल्या जागेवर राहिली नव्हती. १८४१ पर्यंत, म्हणजे १४ वर्षांत, ती सुमारे १४०० मीटर खाली सरकली होती. झोपडीला पाय नव्हते. तिच्याखालचा बर्फ चालत होता. अगासींनी हिमनदीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ ओळीत खांब रोवले. काही काळाने पाहिले तेव्हा ती ओळ सरळ राहिली नव्हती. मधले खांब पुढे गेले होते, काठाजवळचे मागे राहिले होते. कडेचा बर्फ खडकाला घासत असल्यामुळे हळू सरकतो आणि मधला भरभर सरकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. हिमनदीच्या पोटात काय आहे, हे पाहण्यासाठी अगासी स्वतः दोराला बांधलेल्या फळीवर बसून बर्फातील एका खोल विवरात सुमारे १२० फूट खाली उतरले. खाली बर्फगार पाणी होते. जीव धोक्यात घालून ते वर आले.

१८४० मध्ये त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी व्हेनेट्झ आणि शार्पांतिए यांना अर्पण केला होता. तरीही शार्पांतिए दुखावले गेले. त्यांचा स्वतःचा ग्रंथ तयार होत होता आणि तो १८४१ मध्ये बाहेर आला; पण तोवर नाव अगासींचे झाले होते. आपल्या कल्पनांचे पुरेसे श्रेय मिळाले नाही, अशी तक्रार शिंपर यांनीही केली. खरे पाहता या शोधात पेरोदँचे डोळे, व्हेनेट्झ यांचे कष्ट, शार्पांतिए यांचा अभ्यास आणि अगासींची धडाडी या सर्वांचा वाटा होता. अगासींच्या काही कल्पना अतिशयोक्तीच्याही होत्या. हिमयुग अचानक आले आणि एकच आले, असे त्यांना वाटे. ती थंडी हळूहळू वाढत गेली, तशी हिमयुगे अनेक वेळा येऊन गेली आणि शेवटचे हिमयुग सुमारे २० हजार वर्षांपूर्वी ऐन भरात होते, हे आज आपल्याला माहीत आहे.

१८४० मध्येच अगासी स्कॉटलंडला गेले. तेथे आज एकही हिमनदी नाही. तरीही त्यांना तेथे हिमोढ आणि ओरखडे पडलेले खडक सापडले. त्यांच्याबरोबर विल्यम बकलँड हे इंग्रज भूवैज्ञानिक होते. ते पूर्वी जलप्रलयाच्या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. पुरावे पाहून त्यांनीही आपले मत बदलले. ग्लेन रॉय या दरीच्या दोन्ही उतारांवर आडव्या, समांतर रेषा आहेत. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये त्या प्राचीन समुद्रकिनाऱ्याच्या खुणा मानल्या होत्या. हिमनदीने अडवलेल्या सरोवराच्या काठाच्या त्या खुणा आहेत, असे अगासींनी सांगितले. बान्य खोऱ्यात १८१८ मध्ये तुंबलेल्या सरोवरासारखेच हे सरोवर होते. पुढे डार्विन यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

ग्रंथ छापण्याच्या हौसेपायी अगासी कर्जबाजारी झाले होते. १८४६ मध्ये ते अमेरिकेला गेले. वाटेत हॅलिफॅक्स बंदरात जहाज थांबताच ते टेकडीवर चढले. तेथेही गुळगुळीत, ओरखडलेले खडक पाहून त्यांना अतिशय आनंद झाला. बोस्टनमधील त्यांच्या व्याख्यानांना लोकांची गर्दी होऊ लागली. लवकरच हार्वर्ड विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि ते अमेरिकेतच स्थायिक झाले. १८५९ मध्ये त्यांनी तेथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले.

अगासी उत्तम शिक्षक होते. नवीन विद्यार्थी आला, की ते त्याच्यापुढे एक मासा ठेवत आणि त्याचे निरीक्षण करायला सांगून निघून जात. विद्यार्थी थोड्या वेळात कंटाळे. त्याला वाटे, पाहण्यासारखे होते ते पाहून झाले. अगासी परत येत, प्रश्न विचारत आणि पुन्हा पाहायला सांगत. असे काही दिवस चाले. मग विद्यार्थ्याला कळे, की पाहणे आणि नीट पाहणे यांत फार अंतर आहे. पुस्तक वाचण्याआधी वस्तू पाहावी, हा त्यांचा आग्रह होता.

परंतु दुसऱ्यांना नीट पाहायला शिकवणारे अगासी स्वतः मात्र काही बाबतींत पाहायला विसरले. १८६५ मध्ये ते ब्राझीलला गेले. तेथेही त्यांना सगळीकडे हिमनदीच्या खुणा दिसू लागल्या. अॅमेझॉनचे खोरे एके काळी बर्फाने भरले होते, असे त्यांनी जाहीर केले. ते चुकीचे होते. उष्ण, दमट हवेत खडक जागच्या जागी कुजतो आणि त्यातून गोल दगड मोकळे होतात. आपल्या जिल्ह्यातही मुरमाच्या खाणीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतात. त्यांना कोणत्याही हिमनदीने आणलेले नाही. गोल दगड दिसला, की त्यावर ओरखडे आहेत का, तो परक्या जातीचा आहे का, हे तपासायलाच हवे.

१८५९ मध्ये डार्विन यांनी उत्क्रांतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सजीवांच्या जाती काळाच्या ओघात बदलत गेल्या, असे त्यात पुराव्यांनिशी मांडले होते. त्यांपैकी काही पुरावे अगासींच्याच जीवाश्मांच्या अभ्यासातून मिळाले होते. तरीही अगासींनी हा विचार अखेरपर्यंत मानला नाही. त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी मात्र तो स्वीकारला.

याहून गंभीर चूक माणसांविषयीची होती. निरनिराळ्या वंशांचे लोक मुळातच वेगवेगळे असून गोरे लोक श्रेष्ठ आहेत, असे अगासी मानत व सांगत. १८५० मध्ये त्यांनी अमेरिकेतील गुलाम स्त्री-पुरुषांची छायाचित्रे आपले मत सिद्ध करण्यासाठी काढवून घेतली. त्यांची संमती कोणी विचारली नाही. ते स्वतः गुलामगिरीच्या बाजूचे नव्हते; परंतु गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांना त्यांच्या नावाचा आधार मिळाला. सर्व माणसे एकाच मुळातून आलेली आहेत, हे विज्ञानाने पुढे निर्विवाद सिद्ध केले. अमेरिकेतील केंब्रिज शहरात अगासींच्या नावाची एक शाळा होती. २००२ मध्ये तिला मरिया बाल्डविन यांचे नाव देण्यात आले. बाल्डविन या कृष्णवर्णीय बाई त्याच शाळेच्या नामांकित मुख्याध्यापिका होत्या. २०१९ मध्ये खुद्द न्यूशातेल शहरानेही एका चौकाला दिलेले अगासींचे नाव बदलले.

१४ डिसेंबर १८७३ रोजी लुई अगासी यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर संगमरवरी स्मारक उभारलेले नाही. जेथे त्यांनी शिळेच्या आडोशाला दिवस काढले, त्या आर हिमनदीच्या हिमोढातील एक ओबडधोबड दगड समुद्रापलीकडे नेऊन तेथे ठेवला आहे. हिमनदीने तो दगड डोंगरावरून खाली आणला होता. पुढचा प्रवास माणसांनी घडवला.

अगासींनी ज्या खुणा वाचायला शिकवल्या, त्या आपल्या देशातही उपयोगी पडल्या. १८५६ मध्ये ओडिशातील तालचेर येथे विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड या भावांना मोठे शिलाखंड आणि बारीक माती एकत्र असलेला प्राचीन थर आढळला. हे बर्फाचे काम असावे, असा त्यांनी तर्क केला. उष्ण भारतात बर्फ कसा असेल, अशी शंका अनेकांना आली. तिचे उत्तर महाराष्ट्राने दिले. चंद्रपूरजवळ, पेनगंगेच्या खोऱ्यात, इरई गावापाशी तसाच थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे थॉमस ओल्डहॅम आणि फ्रान्सिस फेडन यांना तेथे ओरखडे पडलेले शिलाखंड मिळाले. इतकेच नव्हे, तर थराखालचा चुनखडीचा खडकही घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर सरळ ओरखडे होते. फेडन यांनी ही माहिती १८७५ मध्ये प्रसिद्ध केली.

हा हिमोढ अगासींच्या हिमयुगातील नाही. तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. चंद्रपूरच्या खाणींतील कोळशाचे थरही त्याच्यानंतर, त्याच्यावर साचले. त्या काळी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. या प्राचीन भूखंडाला गोंडवाना म्हणतात. हे नाव गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडले आहे आणि चंद्रपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी. दगडांवरचे काही ओरखडे वाचता आले, म्हणून खंडांच्या प्रवासाची कहाणी उलगडायला मदत झाली.

हिमोढांचे ज्ञान आज केवळ इतिहासापुरते उरलेले नाही. हिमालयातील हिमनद्या वेगाने वितळत आहेत. त्यांच्या जुन्या हिमोढांच्या बांधामागे सरोवरे साचत आहेत. हे बांध सैल दगडमातीचे असतात. ते धरणासारखे पक्के नसतात. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर असलेल्या चोराबारी सरोवराचा असाच बांध अतिवृष्टीने फुटला. त्या आपत्तीत हजारो माणसे मरण पावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात हिमोढाचा उतार कोसळला आणि तिस्ता नदीला आलेल्या पुराने चुंगथांगचे मोठे धरण वाहून नेले. व्हेनेट्झ यांनी १८१८ मध्ये ज्या संकटाशी झुंज दिली, त्याच जातीचे हे संकट आहे. कोणता हिमोढ कोठे आहे, किती मजबूत आहे, हे वेळीच ओळखले तर माणसांचे प्राण वाचवता येतात.

विद्यार्थ्यांनो, अगासींच्या आयुष्यातून दोन धडे मिळतात. एका उन्हाळ्यात त्यांनी दगडांचे म्हणणे ऐकले, आपला हट्ट सोडला आणि विज्ञानाला नवी दिशा दिली. पुढे माणसांविषयी विचार करताना त्यांनी तोच हट्ट धरून ठेवला आणि त्यामुळे अनेकांवर अन्याय झाला. मोठ्या माणसाचेही प्रत्येक मत खरे असतेच असे नाही. तेही पुराव्यावर तपासून घ्यावे लागते. बान्य खोऱ्यातील एका साध्या शिकाऱ्याला जे दिसले, ते मोठमोठ्या विद्वानांना दिसायला वीस वर्षे लागली, हेही विसरू नका.

शब्दार्थ

हिमनदी – उतारावरून हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रवाह
हिमोढ – हिमनदीने वाहून आणलेली दगडमाती व तिचे ढीग
शिलाखंड – दगडाचा मोठा तुकडा
जीवाश्म – खडकात सापडणारे प्राचीन सजीवांचे अवशेष
ओरखडा – घासल्याने उमटलेली रेघ
निष्कर्ष – विचारांती काढलेले अनुमान
पुरस्कर्ता – एखाद्या मताचा पाठिंबा देणारा
निर्विवाद – ज्याबद्दल वाद नाही असे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लुई अगासी यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) ज्युरा पर्वत कोणत्या खडकाचा आहे?
(इ) हुगी यांची झोपडी १४ वर्षांत किती सरकली?
(ई) महाराष्ट्रात प्राचीन हिमनदीच्या खुणा कोठे आढळल्या?

२. कारणे लिहा.
(अ) हिमनदीवर रोवलेल्या खांबांची ओळ सरळ राहिली नाही.
(आ) हिमोढात मोठे दगड आणि बारीक माती एकत्र सापडतात.
(इ) अगासी यांचे ब्राझीलविषयीचे मत चुकीचे ठरले.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १८३६ च्या उन्हाळ्यात अगासी यांचे मत कसे बदलले?
(आ) हिमोढाचे चार प्रकार सांगा.
(इ) हिमालयातील हिमोढांची माहिती ठेवणे का आवश्यक आहे?

४. पुढील शब्दांचे अनेकवचन लिहा.
नदी, दगड, झोपडी, शिळा, सरोवर, बांध

५. वाक्यांत उपयोग करा.
खात्री पटणे, मदतीचा हात देणे, मुक्काम ठोकणे, खळबळ उडणे

उपक्रम : आपल्या गावाजवळच्या नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रातून पाच निरनिराळे दगड गोळा करा. प्रत्येक दगडाचा रंग, आकार व कडा यांचे निरीक्षण करून वहीत पाच-पाच वाक्ये लिहा.